फोन भिजला, बॅटरी फुगली, ‘ऱ्या’ उमटेना : वाचकांचे प्रश्न

मृग लागल्यापासून आलेल्या पत्रांतली निम्मी पत्रं भिजलेल्या फोनची आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करते. बाकीचे प्रश्न जसे हाताला लागले तसे घेतलेत. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते की चिपळूणला भावाबरोबर मोबाइल रिपेअरिंगचं दुकान चालवते, त्यामुळे इथे लिहिते त्यातलं बरंचसं टेबलावर फोन उघडून बघितलेलं असतं.

लावणी चालू असताना फोन खिशातून चिखलात पडला. पाच मिनिटांत काढला, तेव्हा चालू होता. घरी आणून रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवला, सकाळी चार्जिंगला लावला आणि बंद पडला तो पडलाच. तांदळात ठेवूनसुद्धा असं का झालं? – शेतकरी वाचक, लांजा

दादा, फोन चिखलातून निघाला तेव्हा चालू होता म्हणता, म्हणजे त्यावेळी तो वाचण्यासारखा होता. रात्रभर तो चालूच राहिला आणि सकाळी वरून चार्जर लावला, तिथे घात झाला असं मला वाटतं. पाणी आत गेलं की त्याच क्षणी सगळं जळतं असं नसतं, पण बोर्डावर, म्हणजे फोनच्या आतल्या सर्किटच्या पाटीवर, करंट खेळत असला की त्या पाण्यातून तांब्याला आणि सोल्डरला (सांधे जोडणाऱ्या धातूला) भराभर गंज धरायला लागतो, हिरवट-पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं ते, आणि शेतातल्या पाण्यात माती, खत, क्षार सगळंच असतं त्यामुळे तर आणखीनच लवकर. बॅटरी आतच असल्याने करंट आहेच, त्यात चार्जर लावला की शॉर्ट.

तांदळाचं म्हणाल तर तांदूळ बंद फोनच्या आतलं पाणी ओढून काढू शकत नाही. फोन आतून घट्ट बसवलेला असतो, पाणी चिपांच्या खाली आणि कनेक्टरच्या फटीत जाऊन बसतं, तिथपर्यंत तांदळाचा काय संबंध? उलट तांदळाची पूड चार्जिंगच्या खाचेत जाऊन बसते आणि ओलीमुळे तिथेच चिकटते, सुईने खरवडून काढावी लागते आम्हाला. ॲपलने तर आपल्या सूचनांमध्ये स्पष्टच लिहिलंय की फोन तांदळात ठेवू नका. तांदळात ठेवून फोन वाचला असं सांगणारे भेटतात, पण तो फोन नुसता टेबलावर ठेवला असता तरी वाचला असता.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा आमचंही दुकान पाण्याखाली होतं. पाणी ओसरल्यावर दुकान धुवायच्या आधी लोक फोन घेऊन यायला लागले, कुणी पिशवीतून, कुणी टॉवेलमध्ये गुंडाळून. त्यात एकाच घरातले दोन फोन आले होते ते मी कधी विसरणार नाही. आईचा साधा बटणाचा फोन होता, तिने पाण्यातून काढल्या काढल्या मागचं झाकण उघडून बॅटरी बाहेर काढून ठेवली होती. मुलाचा चांगला टचचा फोन, तो दोन दिवस दर तासाला चालू करून बघत होता. दोन्ही उघडले. आईच्या बोर्डावर नुसता गाळ, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि ब्रशने साफ केला, वाळवला, बॅटरी लावली, चालू. मुलाच्या बोर्डावर चार्जिंगच्या आयसीभोवती, म्हणजे चिपेभोवती, सगळं हिरवं पडलेलं आणि दोन-तीन ठिकाणी ट्रॅकच, म्हणजे तांब्याची रेघच, खाऊन गेलेला. त्याला फोटो हवे होते लहान बहिणीच्या लग्नाचे, ते नाही काढता आले.

म्हणून फोन भिजला की पहिलं काम म्हणजे तो बंद करा, चालू आहे का हे बघण्यासाठीसुद्धा हात लावू नका. कव्हर काढा, सिमचा ट्रे बाहेर काढा, सुक्या सुती कपड्याने पुसा, चार्जिंगची खाच खाली धरून तळहातावर हलके हलके आपटा म्हणजे तिथलं पाणी गळेल, मग पंख्याखाली ठेवा. हेअर ड्रायर नको, चुलीजवळ नको, उन्हात नको. साधा शिंतोडा उडाला असेल तर एक दिवस पुरतो, पण पूर्ण बुडाला असेल तर वाळायची वाट न बघता त्याच दिवशी कारागिराकडे न्या आणि बोर्ड उघडून साफ करायला सांगा. तुमचा फोनही अजून टाकून देऊ नका, चार्जिंगची पट्टी किंवा आयसी गेली असेल तर बदलता येते, मात्र आधी बोर्ड बघून मग किंमत सांगणाऱ्याकडेच द्या.

आणि ‘माझा आयपी ६८ आहे, त्याला काय होतंय’ म्हणणाऱ्यांसाठी. आयपी म्हणजे धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा, त्यातला ६ हा धुळीचा आकडा, ८ हा पाण्याचा. ही चाचणी नव्या कोऱ्या फोनवर, स्वच्छ, गोड्या, स्थिर पाण्यात, कंपनीने सांगितलेल्या खोलीपर्यंतच होते. फोन एकदा पडला, डिस्प्ले बदलला, दोन वर्षं वापरला की आतला रबर-गोंद ढिला होतो. गुहागरच्या समुद्रात फोन नेऊन पाण्याखाली व्हिडिओ काढायचा प्रकार कृपा करून करू नका, खारं पाणी सगळ्यात वाईट. आयपीवाल्या फोनवर खारं पाणी उडालंच तर आधी साध्या पाण्याने हलकं धुवून मग पुसा. वॉरंटीतही पाण्याचं नुकसान सहसा बसत नाही, बऱ्याच फोनच्या आत एक पांढरी पट्टी असते ती पाणी लागलं की लाल होते, सर्व्हिस सेंटरवाला पहिल्यांदा तीच बघतो.

मुलगा नोकरीसाठी दुबईला निघालाय. त्याला २०,००० एमएएचची पॉवर बँक घेतली. फोन ५,००० चा आहे, म्हणजे चार वेळा चार्ज व्हायला हवा, पण जेमतेम तीन वेळा होतो. दुकानदाराने फसवलं का? आणि विमानात चालेल ना? – गृहिणी, इचलकरंजी

ताई, दुकानदाराने फसवलेलं दिसत नाही, तीन वेळा होतोय म्हणजे माल चांगला आहे. गणित असं आहे. पॉवर बँकेच्या आतल्या सेलचा दाब असतो ३.७ व्होल्ट आणि ते २०,००० त्या दाबाला मोजलेले असतात. २०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-अवर, त्याला ३.७ ने गुणलं की ७४ वॅट-अवर, ही खरी आत साठवलेली वीज. फोनला द्यायची तर ती ५ व्होल्टपर्यंत चढवावी लागते, ७४ भागिले ५ केलं की १४,८०० एमएएचच उरतात, त्यातही चढवताना थोडी वीज उष्णता होऊन जाते, केबलमध्ये थोडी जाते. शेवटी हातात १२-१३ हजारच्या आसपास पडतात. चांगल्या पॉवर बँकेवर बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून हा छोटा आकडा छापलेला असतो, मोठ्या आकड्याच्या खाली बघा. इतर वाचकांनाही सांगते, विकत घेताना तोच आकडा बघायचा. दुसरं म्हणजे मागच्या बाजूला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि ‘आर’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की कुठल्या कंपनीच्या नावाने नोंद आहे ते कळतं. रस्त्यावर मिळणारी ५०,००० ची हलकीफुलकी पॉवर बँक हातात घेऊन वजन बघा, एवढे सेल आत असते तर वजन लागलंच असतं. आम्ही एक उघडली होती, आत एकच छोटा सेल आणि बाकीच्या जागेत वजनासाठी वाळूची पुडी.

विमानाचं मात्र नीट लक्षात ठेवा आणि मुलालाही सांगा. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत अजिबात टाकायची नाही, ती हातातल्या बॅगेतच. कारण असं की लिथियम सेल पेटला तर केबिनमध्ये कुणाच्या तरी लक्षात येतं, खाली सामानाच्या कप्प्यात कळतच नाही. १०० वॅट-अवरपर्यंत परवानगी न घेता चालतं, तुमची ७४ ची आहे म्हणजे बसते. १०० ते १६० साठी एअरलाइनची परवानगी लागते, त्याच्या वर नाहीच. पॉवर बँकेवरचे आकडे पुसट झाले असतील तर सिक्युरिटीवाले काढून घेऊ शकतात. आता बऱ्याच एअरलाइननी नियम आणखी कडक केलेत, एमिरेट्सने तर १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायलाच बंदी केलीय, माणशी एकच न्यायची, १०० वॅट-अवरच्या आतली, आणि ती डोक्यावरच्या कप्प्यात न ठेवता सीटच्या खिशात किंवा समोरच्या सीटखालच्या बॅगेत. ज्या एअरलाइनचं तिकीट आहे त्यांचा नियम निघायच्या आदल्या दिवशी बघून घ्या. फोन घरूनच पूर्ण भरून निघायला सांगा.

एकच चार्जर, पण माझ्या केबलने फोन पाऊण तासात भरतो आणि मैत्रिणीच्या केबलने दोन तास लागतात. दोन्ही टाइप-सी आहेत. – कॉलेज विद्यार्थिनी, लातूर

तोंड सारखं असलं तरी केबल सारखी नसते. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच करंट नेते, त्याहून जास्त न्यायचा तर केबलच्या तोंडात एक छोटी चिप लागते, ती चार्जरला सांगते की मला एवढं झेपेल. चिप नसली की चार्जर स्वतःच करंट कमी करतो. शिवाय काही कंपन्यांचं फास्ट चार्जिंग त्यांच्याच केबलवर पूर्ण वेगाने चालतं. फोनबरोबर आलेली केबल जपा, तिच्यावर नाव लिहून ठेवा.

आजीचा फोन मागून फुगलाय, डिस्प्ले एका बाजूने उचलला गेलाय. ती म्हणते चालतोय ना, मग राहू दे. रात्री उशीखाली चार्जिंगला लावून झोपायची तिची सवय आहे. – नातू, जळगाव

आजच्या आज तो फोन उशीखालून काढ. आजीला समजावून सांग पण आधी काढ.

बॅटरी फुगते म्हणजे आतल्या रसायनांचा वायू होऊन पाकीट फुगतं. ते पाकीट पातळ असतं, दाब पडला, टाचणी लागली किंवा आणखी तापलं तर फाटून पेट घेऊ शकतं, आणि ती आग साधीसुधी नसते. फोन बंद कर, चार्जिंगला लावू नकोस, डिस्प्ले दाबून बसवायला जाऊ नकोस (हे फार लोक करतात), गाद्या-पडद्यांपासून लांब फरशीवर ठेव आणि दुकानात नेऊन बॅटरी बदलून घे. जुनी बॅटरी घंटागाडीच्या कचऱ्यात टाकू नका, गाडीत दाबली गेली की पेटते. २०२२ च्या नियमांप्रमाणे बॅटरी विकणाऱ्या कंपन्यांवरच ती परत गोळा करायची जबाबदारी आहे, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये द्या.

रात्रभर चार्जिंगला लावल्याने बॅटरी ‘जास्त भरते’ असं नसतं, १०० झाले की फोन आपण होऊन थांबतो. पण १०० वर भरून आणि गरम, अशी तासन्‌तास राहिली की तिचं आयुष्य कमी होतं, आणि उशीखाली हवाच नाही म्हटल्यावर ती तापणारच. जळगावचा उन्हाळा तर मी तुला काय सांगू. हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये बॅटरीच्या सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, आजी दिवसभर घरातच असेल तर ती चालू करून दे, ८० टक्के तिला भरपूर होतात. आणि चार्जिंगची जागा बदल, देवघराशेजारच्या कट्ट्यावर, ओट्यावर, कुठेही जिथे उघडं आणि कोरडं असेल. आवाजाचा प्रश्न असेल तर रिंग मोठी करून दे, म्हणजे रात्री फोन आला तर ऐकू येणार नाही ही भीती जाईल. बऱ्याच म्हाताऱ्या माणसांचं उशीखाली ठेवायचं खरं कारण तेच असतं.

मोबाइलवर मराठी टाइप करताना ‘दऱ्या’ लिहायला गेलं की ‘दर्या’ होतं. डोंगरदऱ्या म्हणायचं असतं आणि समुद्र होतो. चाळीस वर्षं मराठी शिकवलं, मला हे चालवून घेता येत नाही. – निवृत्त शिक्षिका, सातारा

बाई, चालवून घेऊच नका. तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं.

अडचण अशी की आपला साधा ‘र’, पुढे हलन्त (पाय मोडायची खूण) आणि ‘य’ असं टाइप केलं की फोन रफार काढतो, ‘र्य’. तो आचार्य, सूर्य, धैर्य यांसाठी बरोबर. डोंगरदऱ्या, सुऱ्या, वाऱ्यावर, करणाऱ्यांना यांच्यासाठी वेगळं अक्षर आहे, ‘र’ खाली टिंब असलेला ‘ऱ’. आधी हा ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘य’. टिंब आपोआप गायब होतं आणि आपला ‘ऱ्य’ उमटतो. बहुतेक मराठी कीबोर्डवर ‘र’ वर बोट दाबून धरलं की वरती पर्याय उघडतात त्यात हा ‘ऱ’ असतो. कीबोर्डची भाषा मराठीच निवडलीय ना हे मात्र बघा, पुष्कळ फोनवर हिंदी लावून दिलेली असते आणि मग ‘ळ’ सुद्धा शोधावा लागतो.

इंग्रजी अक्षरांवरून मराठी करणारा कीबोर्ड वापरत असाल तर सोपा उपाय आहे. फोनच्या सेटिंगमध्ये कीबोर्डच्या आत ‘वैयक्तिक शब्दकोश’ असतो, तिथे ‘ऱ्या’ हे अक्षर एकदा चिकटवून ठेवा आणि त्याला एखादा छोटा शॉर्टकट द्या, तेवढं टाइप केलं की वर सुचवलं जातं.

तसंच ‘ॲ’ चं. ‘अ’ वर चंद्र देऊन लिहिलेला आणि एकसंध ‘ॲ’ डोळ्यांना सारखाच दिसतो, पण यंत्राच्या दृष्टीने ती वेगळी अक्षरं आहेत. एकसंध ‘ॲ’ युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्रांसाठीच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली आला, त्याआधीचं सगळं लिखाण जोडाजोडीचं, त्यामुळे जुनं काही शोधताना सापडलं नाही तर दोन्ही प्रकारे शोधून बघा. आणि विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तुम्ही ‘दऱ्या’ बरोबर लिहिलं की पोरं बघून शिकतील, आमच्या बाईंचं बघूनच आम्ही शिकलो.

डोंबिवलीहून लोकलने जाताना गर्दीत फोन मारला गेला. दोन दिवसांनी भावाच्या नंबरवर मेसेज आला की तुमचा फोन सापडलाय, लिंक उघडून पासवर्ड टाका. टाकायचा का? – नोकरदार वाचक, डोंबिवली

नाही. तो मेसेज चोरांच्या साखळीतूनच येतो. फोन त्यांच्या हातात आहे पण लॉक आहे, तुमच्या अकाउंटशी बांधलेला आहे, त्यामुळे विकता येत नाही, म्हणून पासवर्ड हवाय. तुम्ही तो दिलात की फोन गेलाच आणि आतलं सगळंही गेलं. त्याच कारणाने ‘माझा फोन शोधा’ च्या यादीतून तो फोन काढूनही टाकू नका.

बाकी कामं या क्रमाने करायची असतात, तुमची काही राहिली असतील तर आज उरका. दुसऱ्या फोनवरून कंपनीला फोन करून सिम बंद, मग बँकेला फोन करून यूपीआय आणि मोबाइल बँकिंग बंद, पैसे गेले असतील तर लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा. मग लोहमार्ग पोलिसांकडे तक्रार आणि तिची प्रत घ्या. त्याच नंबरचं नवीन सिम घ्या. मग ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर जाऊन सीईआयआरमध्ये (हरवलेले फोन ब्लॉक करायच्या नोंदवहीत) आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, ब्लॉक करायचा, तिथे तक्रारीची प्रत, बिल आणि ओटीपीसाठी तुमचा नंबर लागतो. नवीन सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, तेव्हा ओटीपी आला नाही म्हणून घाबरू नका, दुसऱ्या दिवशी करा. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, दोन्ही द्या. एकदा ब्लॉक झाला की तो फोन देशातल्या कुठल्याच कंपनीच्या सिमवर चालत नाही, आणि कुणी चालवायचा प्रयत्न केला तर त्याचा माग पोलिसांपर्यंत जातो. आमच्या इथल्या एका गिऱ्हाइकाला सहा महिन्यांनी पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं, फोन परराज्यात मिळाला होता.

ज्यांचा फोन अजून हातात आहे त्यांनी हे वाचता वाचता *#०६# डायल करा, आकडे दिसतील ते घरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. खोका कुणालाच वेळेवर सापडत नाही. जुना फोन विकत घेत असाल तर तोच आयएमईआय ‘संचार साथी’ वर टाकून बघा, चोरीचा म्हणून ब्लॉक असेल तर तिथे दिसतं.

हरिश्चंद्रगडावर रेंज नसते. मग मॅप कसा चालणार? आणि बॅटरी दुपारपर्यंतच संपते. – ट्रेकर ग्रुप, नाशिक

जीपीएसला रेंज लागत नाही, फोन उपग्रहांचे सिग्नल फक्त ऐकत असतो. लागतो तो नकाशा, तो घरी वायफायवर असतानाच ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. बॅटरी खातं ते रेंज शोधणं. दरीत उतरलात की फोन सारखा टॉवर शोधत पूर्ण ताकदीने ओरडत राहतो, म्हणून एअरप्लेन मोड लावा, बहुतेक फोनवर जीपीएस तरीही चालू राहतं. ग्रुपमधल्या एकाचाच फोन नकाशासाठी चालू ठेवा, बाकीचे बंद, प्लॅस्टिकच्या पिशवीत. अडचण आलीच तर मोड काढून ११२ हा आणीबाणीचा नंबर लावा, तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या टॉवरवरून तो कॉल जाऊ शकतो. धुक्यात मात्र नकाशावरच्या निळ्या ठिपक्याच्या भरवशावर कड्याच्या जवळ जाऊ नका, तो ठिपका दहा-वीस मीटर इकडेतिकडे असतो. आणि पाचनईतून किंवा खिरेश्वरहून, जिथून चढाल तिथल्या कुणाला तरी सांगून चढा.

बाबांना कमी ऐकू येतं, मशीन लावत नाहीत. जेवताना सगळे बोलतात आणि ते नुसते ताटाकडे बघत बसतात. फोनची काही मदत होईल का? – मुलगी, बेळगाव

होईल. अँड्रॉइड फोनवर गूगलचं ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ म्हणून फुकट ॲप आहे, समोरचं बोलणं ऐकून ते लगेच पडद्यावर लिहून दाखवतं, मराठीतसुद्धा. भाषा मराठी लावा, अक्षर मोठं करा आणि फोन बाबांच्या ताटाजवळ पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करा, माइक बोलणाऱ्यांच्या बाजूला. नेट चांगलं असेल तर जास्त बरोबर लिहितं. तुमच्याकडची बोली असेल तर काही शब्द चुकतील, पण आशय कळतो. एक करा, पहिले काही दिवस सगळ्यांनी एकावेळी एकानेच बोलायचं, टीव्ही बंद ठेवायचा, नाहीतर ते सगळ्यांचं एकत्र करून काहीतरीच लिहितं आणि बाबा कंटाळतील. मशीन लावायचं का हे कानाच्या डॉक्टरांना विचाराच, त्याला हा पर्याय नाही. आठवडाभर वापरून बाबा काय म्हणतात ते मला कळवा.